झेनचा वॉटर पंप घरी बदलावा का? पहिल्यांदाच पाना हाती घेणाऱ्याला सल्ला हवा

कात्रजचा वाटसरू

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ सालची मारुती झेन आहे. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी रीतसर झालेली असून गाडी रोजच्या वापरात आहे. काही आठवड्यांपासून कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी हळूहळू उतरत आहे आणि रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी चालकाच्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, फरशीवर हिरवट ओल दिसते. शहरात फिरताना तापमानाचा काटा मध्यावरच असतो. मात्र साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तो नेहमीपेक्षा वर सरकला, म्हणून एसी बंद करून उरलेला घाट संथपणे चढलो. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून, वाकून पाहिले आणि वॉटर पंप, म्हणजे हे कुलंट इंजिनात फिरवणारा पंप, गेल्याचे सांगितले.

हे काम घरीच शिकावे अशी माझी इच्छा आहे. आजवर इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि बॅटरी एवढेच मी स्वतः बदललेले आहे. माझ्याकडे गोट्यांचा (सॉकेटचा) संच, रिंग पाने, पकड आणि गाडीसोबत आलेला जॅक आहे. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक पिळापर्यंतच आवळणारा पाना, नाही. सोसायटीतील माझी पार्किंगची जागा सपाट आणि छपराखाली आहे, आणि स्कूटर असल्यामुळे गाडी काही दिवस उघडी पडली तरी माझे अडणार नाही.

इंटरनेटवरील चित्रफितींमध्ये हे काम अर्ध्या तासात उरकलेले दिसते, परंतु त्या बहुतेक परदेशी किंवा नव्या गाड्यांच्या आहेत. झेनमध्ये पंप काढण्यासाठी टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालीची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा) काढावा लागतो का? लागत असेल तर नवख्या माणसाने त्यात हात घालावा का? आणि पंपासोबत आणखी काय काय आणून ठेवावे?

जुना फिटर

नमस्कार. आपण गाडीचे तपशील नीट दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही पाना उचलण्याआधी दोष पंपाचाच आहे हे आपण स्वतः सिद्ध करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. वरून वाकून पाहिल्यावर त्या कोपऱ्यातली प्रत्येक ओल पंपाचीच वाटते. वर्कशॉपमध्ये माझी हयात गेली. नवा पंप बसवल्यावर गळती जुन्या होज पाइपच्या क्लिपपाशी होती हे लक्षात आल्याचे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत.

सर्वप्रथम जमिनीवर पडणारे पाणी कोणते आहे ते पाहा. एसी चालवल्यानंतर गाडीखाली पाणी पडतेच. ते स्वच्छ, बिनवासाचे असते आणि बोटांत चोळले तर बुळबुळीत लागत नाही. कुलंट किंचित तेलकट लागते आणि त्याला गोडसर वास असतो. वास घ्यावा, चव मात्र कधीही घेऊ नये, कारण त्यातील इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग नेमका कोठे पडला हे पाहून त्याच्या बरोबर वर काय आहे ते टॉर्चने तपासा.

पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावे, अशी ती व्यवस्था आहे. म्हणून तेथून ओघळ येत असेल, किंवा वाळलेल्या कुलंटची पांढरट-हिरवी खपली पुलीच्या मागच्या बाजूला धरलेली असेल, तर सील गेले असे समजावे. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसे केल्यास पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पुढे पंप जाम होऊन पट्टा तुटतो. दुसरी खूण बेअरिंगची. इंजिन थंड असताना फॅन बेल्ट सैल करून पंपाची पुली वर-खाली धरून हलवून पाहा. चांगल्या पंपात हाताला खेळ जाणवत नाही आणि पुली फिरवताना खरखर लागत नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडेही दुर्लक्ष करू नका. त्यावर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे ते प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ०.९ किलोग्रॅम दाब धरून ठेवते. तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११८ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. कुलंट मिसळलेले असेल तर त्याहून अधिक. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, पाणी टाकीत ढकलले जाते, घाटात काटा वर सरकतो आणि दोष पंपाच्या माथी येतो. गरम इंजिनावर हे झाकण उघडायचे नाही, त्याचेही कारण हाच दाब आहे: झाकण सुटताच शंभर अंशांच्या वरचे पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

इंजिन तापताना वरचा होज पाइप कढत आणि खालचा गार राहत असेल, तर थर्मोस्टॅट (कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलेला असू शकतो. डिपस्टिकवर कॉफीच्या रंगाचा साय धरल्यासारखा थर किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे दिसत असतील, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील पॅकिंगची) शंका घ्यावी. तसे असल्यास हा विषय घरी सोडवायचा राहत नाही. आणि निदान होईपर्यंत काटा वर गेला तर गाडी तेथेच थांबवा. झेनचे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे. ते एकदा जरी फार तापले, तरी हेड वाकण्याची भीती असते आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट आहे.

पुठ्ठा आणि पाना

जुना फिटर यांनी निदानाबद्दल सांगितले आहे, तेव्हा मी कामाकडे वळतो. मी हौशी आहे, व्यावसायिक नाही. पण या कुटुंबातील इंजिनांवर, म्हणजे झेन, एस्टीम आणि जिप्सी यांवर, घरी बरेच काम केले आहे.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे: या इंजिनात टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. पंपाची पुली बाहेर असते आणि ती फॅन बेल्टनेच फिरते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला पंप सहज निघेल असे वाटते. प्रत्यक्षात पंपाचे धड टायमिंग बेल्टच्या मागे बसलेले आहे. ज्या गाड्यांत टायमिंग चेन असून पंप पूर्णपणे बाहेर असतो, त्यांच्या चित्रफिती पाहून झेनच्या कामाचा अंदाज बांधू नये. पंप काढणे आणि बसवणे हा या कामाचा लहान भाग आहे. खरे काम त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे आणि परत येण्याचे आहे.

गाडीचा जॅक फक्त उचलण्यासाठी वापरावा. उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली किंवा चाकाच्या कमानीत डोके घालू नये, आणि स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कदापि वापरू नयेत, कारण ते आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. मागच्या चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून अडकवायचे ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

इंजिन पूर्ण थंड असताना कुलंट स्वच्छ भांड्यात काढा आणि किती निघाले ते मापाने मोजून लिहून ठेवा. भरताना त्याचा उपयोग होईल. त्यानंतर एक क्रम महत्त्वाचा आहे, जो नवखा माणूस हमखास उलटा करतो. पंपाच्या पुलीचे बोल्ट फॅन बेल्ट ताणलेला असतानाच सैल करावेत. बेल्ट काढल्यावर पुली मोकळी फिरते, पाना तिच्याबरोबर फिरत राहतो आणि मग पुली धरून ठेवण्यासाठी नसते खटाटोप करावे लागतात. बोल्ट सैल झाले की एसीचा आणि फॅनचा बेल्ट काढा, पुली काढा, चाक आणि आतील प्लास्टिकचे आवरण काढा. क्रँकची (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली तिच्या कडेच्या छोट्या बोल्टांनी सुटते. मधला मोठा बोल्ट सोडण्याच्या फंदात पडू नका.

आता टायमिंग कव्हर उघडा. क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवून खुणा जुळवा: क्रँकच्या दातेरी चाकावरील टिंब ऑइल पंपावरील बाणासमोर आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चाकावरील खूण तिच्या ठरलेल्या खाचेसमोर आली पाहिजे. खुणांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि मोबाइलवर समोरून, डोळ्याच्या पातळीवरून छायाचित्र घ्या. तिरक्या कोनातून घेतलेले छायाचित्र एका दाताची फसवणूक करू शकते. यानंतर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सैल करून बेल्ट काढला, की कॅम आणि क्रँक यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. टायमिंग चुकले तर इंजिन ओढत नाही किंवा सुरूच होत नाही, आणि ज्या इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात त्यांत व्हॉल्व्ह वाकतात. आपले इंजिन कोणत्या प्रकारात मोडते याची परीक्षा आपल्या गाडीवर घेऊ नये.

पुढे टेन्शनर, त्याची स्प्रिंग, डिपस्टिकची नळी आणि आल्टरनेटरची पट्टी बाजूला करावी लागते. येथे माझी एक सवय सांगतो. मिठाईच्या खोक्याचे झाकण घ्या, त्यावर पेनाने पंपाची बाह्याकृती काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या मूळ जागी पुठ्ठ्यात खोचा. पंपाचे सगळे बोल्ट एकाच लांबीचे असतील असे गृहीत धरू नका. लांब बोल्ट आखूड भोकात बसवून आवळला तर तो तळाला टेकतो, पंप घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पॅकिंग दबलेले नसते; आणि आणखी जोर लावला तर ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात.

पंप सुटल्यावर तो चिकटलेला असेल तर हलक्या हाताने लाकडी ठोकळ्यावर ठोकावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. इंजिनाच्या अंगावर जुने पॅकिंग चिकटलेले असते. ते काढणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम आहे. प्लास्टिकचा खरवडा किंवा बोथट पाते आडवे धरून, पॅकिंग रिमूव्हर किंवा थिनर लावून, थोडे थोडे सोडवा. खरखरीत काचकागदाने घासल्यास मऊ धातूत चरे पडतात आणि त्याच चऱ्यांतून पुढे पाझर येतो. शिवाय ती धूळ पाण्याच्या वाटेत जाते. पृष्ठभागावरून नख फिरवले असता कोठेही उंचवटा लागेनासा झाला, की ते साफ झाले. एका बैठकीत उरकण्याचा अट्टहास धरू नका. तशीही आपली गाडी काही दिवस उभी राहू शकते.

खरेदीबद्दल: पंप, त्याचे पॅकिंग, पंपाच्या वरच्या व खालच्या बाजूला बसणारी लहान रबरी सीले (ही दुकानदार देत नाही, मागून घ्यावी लागतात), टायमिंग बेल्ट, टेन्शनर, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट आणि त्याचे पॅकिंग, आणि कुलंट. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात. आपल्या बेल्टचा इतिहास ठाऊक नसेल किंवा त्यावर कुलंट सांडले असेल, तर जुना पुन्हा बसवण्यात काटकसर नाही. पुण्यात नाना पेठेत हे सर्व मिळेल. जुना पंप सोबत घेऊन जा आणि काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून भोके, दांड्याची लांबी आणि पात्यांची उंची ताडून पाहा.

रविवारची चक्कर

मी थोडे विरुद्ध मत मांडतो, कृपया राग नसावा. वरील वर्णन अचूक आहे आणि म्हणूनच ते वाचून मला असे वाटते की पहिल्याच मोठ्या कामासाठी हे योग्य नाही. स्पार्क प्लग बदलताना काही चुकले तर तो पुन्हा काढता येतो; टायमिंग चुकले तर ते कळते तेव्हा उशीर झालेला असू शकतो. शिवाय सोसायटीतील पार्किंग हे वर्कशॉप नव्हे. आमच्याकडे एका सभासदाने गाडी उघडी ठेवली आणि इंजिन ऑइलचे डाग पडले म्हणून समितीची नोटीस आली. तेव्हा आधी सचिवांच्या कानावर घालून ठेवणे बरे.

माझा पर्याय असा: आपल्या मेकॅनिकला स्पष्ट विचारा की, सुटे भाग मी आणतो, मजुरी पूर्ण देतो, पण काम चालू असताना मला शेजारी उभे राहू द्या. पुष्कळ मिस्त्री याला आनंदाने तयार होतात, आणि जो तयार होत नाही त्याच्याकडे टायमिंगचे काम देऊ नये. एकदा समोर पाहिले की पुढच्या वेळी आपण एकट्याने करू शकाल.

पुठ्ठा आणि पाना

राग कसला, हा सल्ला व्यवहार्य आहे. यात एवढेच जोडतो की मधला मार्गही आहे. सर्व काही आपण काढावे, पंप बसवावा, आणि टायमिंग बेल्ट चढवून खुणा जुळवल्यावर, कव्हर लावण्यापूर्वी, एखाद्या जाणकाराला बोलावून दाखवावे. तपासायला त्याला फार वेळ लागत नाही आणि जबाबदारीचा सर्वांत मोठा भाग दोन जोडी डोळ्यांखालून जातो. सचिवांबद्दलची सूचना मात्र शंभर टक्के खरी आहे.

सरोवरांच्या प्रदेशातून

मी मिशिगनमध्ये राहतो. इकडे गॅरेजची मजुरी तासावर आकारली जाते आणि ती सुट्या भागाच्या किमतीहून सहज अधिक होते, त्यामुळे आमच्यासारखी, भारतात कधी पानाही न उचललेली मंडळी येथे येऊन पंप बदलायला शिकतात. माझी गाडी २००९ सालची १.८ लिटर कोरोला आहे. तिचा पंप बाहेरच्या लांब पट्ट्यावर चालतो आणि टायमिंगसाठी आत चेन आहे, त्यामुळे पंप काढताना टायमिंगला हात लागत नाही. म्हणजे आपण पाहिलेल्या चित्रफितींतील सोपेपणा खोटा नाही. तो वेगळ्या रचनेचा आहे.

तरीही दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू पडतात. पहिली टॉर्क रेंचची. १० मिलिमीटरचा पाना लागणारे बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांना सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. चाकाच्या नटांसाठी मिळणारी मोठी टॉर्क रेंच एवढ्या कमी मापावर विश्वासार्ह नसते. ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या पट्ट्यातील लहान रेंच घ्यावी किंवा कोणाकडून तरी मागून आणावी. आमच्याकडे ऑटोझोनसारखी दुकाने अनामत रक्कम घेऊन अशी अवजारे वापरायला देतात आणि परत केल्यावर पूर्ण रक्कम मिळते. पुण्यात अशी सोय असेल तर उत्तमच, नसेल तर ही एक वस्तू विकत घेण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट कुलंटची. दुकानात दोन प्रकार मिळतात: पाणी मिसळून वापरायचा अर्क आणि तसेच ओतायचे तयार मिश्रण. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले तर गंजरोधक घटक पातळ होतात. अर्क घेतला तर तो निम्मा आणि बॅटरीचे शुद्ध पाणी निम्मे, असे वेगळ्या बादलीत आधी मिसळून घ्यावे. अर्ध्या-अर्ध्या प्रमाणाचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. आमच्याकडील जानेवारीत त्याची गरज भासते, आपल्याकडे नाही. पण पुण्यातही त्यातील गंजरोधक आणि सीलला मिळणारे वंगण यांसाठी ते हवेच.

कात्रजचा वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पुठ्ठा पसरला, बेल्ट सैल केला आणि पुली हलवून पाहिली. पुलीला वर-खाली स्पष्ट खेळ आहे, फिरवताना खरखर जाणवते आणि तिच्या मागे हिरवट-पांढरी खपली आहे. पुठ्ठ्यावरील डागही बरोबर त्याच्याखाली आहे. रेडिएटरचे झाकण जुने दिसते, तेही बदलतो. होज पाइप आणि क्लिप कोरड्या आहेत, डिपस्टिकवरील तेल स्वच्छ आहे.

मी मधला मार्ग स्वीकारायचे ठरवले आहे. आमच्या मेकॅनिकने टायमिंगच्या खुणा पाहण्यासाठी घरी येण्याचे कबूल केले आहे. सुरुवातीला तो हसला, पण जॅक स्टँड आणल्याचे सांगितल्यावर गंभीर झाला. सचिवांनाही कळवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. नवे पॅकिंग कोरडे बसवावे की त्याला सिलिकॉन किंवा शेलॅक (पॅकिंग चिकटवण्याचा द्रव) लावावे? आणि कुलंट भरताना आत हवा अडकते असे वाचले, ती कशी काढायची? शेजारच्या एका गृहस्थांनी, पंप बदलण्याऐवजी रेडिएटरमध्ये हळद टाकून पाहा, असेही सुचवले आहे. ते मनावर घ्यावे का?

जुना फिटर

निदान पक्के झाले, आता निर्धास्तपणे पुढे जा.

हळदीचा उपाय ट्रकवाल्यांचा आहे आणि तो रेडिएटरच्या बारीक छिद्रासाठी आहे. भर रस्त्यात, गावापासून लांब असताना, मुक्कामाला पोहोचण्यापुरता. भुकटी गळतीच्या जागी जाऊन साचते आणि छिद्र बुजते. परंतु आपली गळती फिरणाऱ्या दांड्याच्या सीलमधून आहे, तेथे साचलेले काहीही टिकत नाही, आणि उरलेली भुकटी रेडिएटरच्या व हीटरच्या नळ्यांत बसते. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवण्याच्या पुड्यांनाही हेच लागू आहे.

पॅकिंगबद्दल. पंपासोबत कागदी पॅकिंग असेल आणि दोन्ही पृष्ठभाग नीट साफ झाले असतील, तर ते कोरडे बसवता येते. जागच्या जागी राहावे म्हणून पंपाच्या बाजूला शेलॅकचा पातळ हात दिला तरी हरकत नाही. सिलिकॉनची जाड वळकटी मात्र घालू नये. दाबल्यावर ती आतल्या बाजूलाही पसरते, तिचे तुकडे सुटून पाण्याबरोबर फिरतात आणि थर्मोस्टॅटमध्ये किंवा रेडिएटरच्या तोंडाशी अडकतात. बोल्टांच्या आट्यांतील जुना गंज तारेच्या ब्रशने काढा, भोकांत साचलेले पाणी कापडाने टिपून घ्या, सर्व बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि मग एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. लहान रबरी सीले आता लक्षात ठेवून बसवा. ती खोक्यातच राहिल्याचे नंतर समजले, तर सारे पुन्हा उघडावे लागते.

टायमिंग बेल्ट चढवताना टेन्शनर आधी सैल ठेवावा. खुणा जुळवून बेल्ट बसवल्यावर क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावी, म्हणजे ढिलाई टेन्शनरच्या बाजूला गोळा होते आणि स्प्रिंग ती ओढून घेते. मग टेन्शनरचा स्टड आणि त्यानंतर बोल्ट आवळावा. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्याच पाहिजेत. एखादी खूण अर्ध्या दातानेही सरकलेली वाटली तर ‘चालेल’ म्हणू नका, बेल्ट काढून पुन्हा बसवा. फिरवताना मध्येच कठीण अटकाव जाणवला तर जोर न लावता थांबा. आपल्या मेकॅनिकला याच टप्प्यावर बोलवा; प्लग काढून ठेवलेत तर क्रँक हाताने फिरवणे सोपे जाईल.

आता भरणे. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हीटरकडील वाट मोकळी राहते. कुलंट रेडिएटरच्या तोंडातून बारीक धारेने ओता. भसाभस ओतले की हवा खाली अडकते. अधूनमधून वरचा होज पाइप हाताने दाबा, बुडबुडे वर येतील. बॅटरी जोडून, झाकण उघडेच ठेवून, इंजिन सुरू करा आणि ते संथ चालू द्या. बराच वेळ वरवर काही घडत नाही. साधारण ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडू लागला की रेडिएटरमधील पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज पाइप तापू लागतो. तेव्हा पुन्हा भरा. पातळी स्थिर झाली आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. त्यानंतर पंखा एकदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि या काळात काट्यावरून नजर हलवू नका. हीटरमधून गार वारा येत असेल तर आत अजून हवा आहे, असे समजावे.

आपण काढलेले कुलंट मोजून ठेवलेले असेलच. नवे त्यापेक्षा बरेच कमी मावले असेल, तर हिशेब लागत नाही तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. मात्र गळतीमुळे आधीच काही कमी झालेले असल्याने थोडे जास्त मावणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, टाकीतील पातळी पुन्हा पाहा आणि ती दोन खुणांच्या मध्ये आणून ठेवा. पहिल्या काही फेऱ्या गावातच करा, खंबाटकी नंतर.

जुने कुलंट गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. ते चवीला गोड असते, त्यामुळे पार्किंगमधील कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही दगावतात. काम चालू असताना भांड्यावर फळी ठेवा, सांडलेले लगेच पाण्याने धुऊन फडक्याने पुसून घ्या, आणि उरलेले झाकणाच्या कॅनमध्ये भरून आपल्या मेकॅनिकच्या स्वाधीन करा. मात्र तो त्याची विल्हेवाट कशी लावतो ते आधी विचारून घ्या.